पोलादी नाकाचं निवेदन

विषय: मैत्री जयसिंग ओव्हाळ, राहणार चऱ्होली, यांनी सॉफ्टवेअर सल्लागाराच्या कामावर पुन्हा रुजू होणे व त्या अनुषंगाने त्यांच्या उजव्या बुटाची हकिकत.

वरील विषयास अनुसरून सादर करतो, की मी एक बूट बोलतोय. साधा नव्हे, कारखान्यात घालायचा सेफ्टी बूट. माझ्या नाकात पोलादाची वाटी आहे. वरून वजन पडलं तरी आतली बोटं शाबूत राहावीत म्हणून ती बसवलेली असते. माणसं नाक वर करून चालतात तेव्हा त्यांच्या नाकात काय असतं ते मला माहीत नाही. माझ्या नाकात काय आहे ते प्रमाणपत्रासह सांगता येईल. डावा बूट माझ्याशी सहमत आहे असं समजावं. तो फारसा बोलत नाही.

मला दुकानातून आणलं जयसिंगरावांनी, म्हणजे मैत्रीच्या वडिलांनी. ते दापोडीचे, उभी हयात कारखान्याच्या साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये काढलेली. मैत्री तेव्हा नुकतीच चाकणच्या कारखान्यांत कामाला जाऊ लागली होती. गेटवर बाहेरच्यांसाठी बूट ठेवलेले असत, सगळे आठ नंबर आणि पुढचे. एखादी बाई इंजिनिअर म्हणून येईल हे गेटच्या ध्यानीमनी नव्हतं. मैत्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून खडखडत चालायची. हे जयसिंगरावांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पिंपरीच्या बाजारातली दुकानं पालथी घातली. पाच नंबरचा मी एका ढिगात सगळ्यात खाली सापडलो.

"पप्पा, कशाला उगाच? गेटवर मिळतात की," मैत्री म्हणाली.

"मिळतात, पण परत द्यावे लागतात ना. कंपनीत पाय टाकायचा तर आपल्या बुटात टाकायचा."

तिचं काम मोठं विचित्र होतं. जुन्या मशिनींच्या पोटात जो प्रोग्रॅम असतो तो वाचायचा. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, मागे लिहून ठेवलेलं काही नाही आणि मशीन रुसलेली. अशा वेळी मैत्रीला बोलावणं यायचं. ती पॅनेलचं दार उघडायची, लॅपटॉप जोडायची आणि तासन्‌तास उभी राहायची. कोणाच्या जिवावर उभी राहायची, हे कोणी नोंदवलेलं नाही, म्हणून मी नोंदवतो.

पुढे तिला आणि तिचा मित्र शेखर याला शहाणी माणसं भेटली. "एकेक मशीन किती दिवस बरी करत बसणार? एकदाच सॉफ्टवेअर बनवा, हजार जागी विका," असं त्या माणसांनी सांगितलं. मग थेरगावात डांगे चौकाजवळ ऑफिस झालं. गुळगुळीत फरशी, चाकांच्या खुर्च्या. तिथे कोणाच्या पायावर काही पडण्याचा संभव नव्हता. पडायचे ते सगळे शब्दच. मैत्रीनं पांढरे कापडी बूट घेतले, ज्यांच्या नाकात काहीही नव्हतं. मी खोक्यासकट चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर गेलो. माळ्यावरून घरातलं सगळं ऐकू येतं, हा एक फायदा.

अशी सात वर्षं गेली. त्यांचं सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. कारखान्यातली प्रत्येक मशीन मोबाईलवर दिसायची. चालू असली की हिरवी, थांबली की लाल. एकदा चाकणच्या कारखान्यातले मेंटेनन्सचे प्रमुख बबनराव फोनवर इतक्या मोठ्यानं बोलले, की मला माळ्यावर ऐकू आलं.

"मॅडम, मशीन थांबली हे सांगायला मोबाईल कशाला? मी तिच्या पुढ्यातच उभा आहे. का थांबली ते सांगा! ते तुमच्या मोबाईलला जमत नसेल तर तुम्ही या."

असं म्हणणारे बबनराव एकटे नव्हते. शेखर एकदा घरी चहाला आला असताना म्हणाला, "मैत्री, गिऱ्हाइकाला आपलं प्रॉडक्ट नकोय, तू हवी आहेस. तुला डब्यात भरून विकता आलं असतं ना, तर आपण कुठल्या कुठे असतो."

दोघं खूप हसली. वर्षअखेरीस प्रॉडक्ट बंद झालं. शेखरला चांगली नोकरी लागली. सोसायटीतल्या बायका मैत्रीशी हलक्या आवाजात बोलू लागल्या, नुकताच दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाशी बोलतात तसं.

जयसिंगराव भेटायला आले. "म्हणजे परत दारोदार?"

"दारोदार नाही, पप्पा. बबनरावांनी बोलावलंय. पण सात वर्षांत मशीनला हात लावला नाही मी. हे काम जमलं तर पुढे हेच करीन. नाही जमलं तर हिंजवडीतल्या कंपनीच्या नोकरीला हो म्हणते, ते उत्तरासाठी थांबलेत."

"बोलावलंय ना? मग बूट काढ."

मला खाली उतरवलं, पुसलं, पॉलिश केलं. एक गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. सेफ्टी बूट वापरला तर टिकतो. नुसता ठेवला तर कधीकधी त्याचा तळ आतल्या आत भुसभुशीत होतो. हे खोक्यावर छापत नाहीत. मलाही कल्पना नव्हती. मी नाक वर करूनच निघालो.

गेटवर भिमाजी होते, मावळातले जुने वॉचमन. "ताई, लई दिसांनी! मला वाटलं, तुमी आता मोठ्या सायेब झाल्या."

"झाले होते, काका. आता परत कामाला लागले."

"मंग ब्येस झालं. बूट तुमचेच हायेत, व्हय? गेटचे काय तुमाला व्हनार न्हाईत."

आत पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसची लाइन सकाळपासून बंद होती. आम्ही पॅनेलपर्यंत पोचतो न पोचतो, तोच सेफ्टी ऑफिसर गणराज मागून आला. जमिनीवर पडलेले काळे तुकडे बघत बघत तो आमच्यापर्यंत पोचला होता.

"मॅडम, हे तुमचं सांडतंय."

मैत्रीनं खाली बघितलं. माझी टाच उकललेली होती आणि डाव्याचा अर्धा तळ केव्हाच वाटेत राहिला होता. एरवी गप्प असतो, पण फुटण्यात पुढे.

"सॉरी मॅडम, असं फ्लोअरवर चालता येणार नाही. बाहेर यावं लागेल."

"अरे गणराज, लाइन बंद आहे," बबनराव म्हणाले. "बाहेर कसलं नेतोस त्यांना?"

"सर, घसरून पडल्या तर अपघाताच्या कागदावर सही माझी घेतात."

"चालता येणार नाही," मैत्री सावकाश म्हणाली, "पण उभं राहता येईल ना?"

गणराजनं विचार केला. पॅनेलपुढे रबराची मॅट होती. "मॅटवर उभ्या राहा. उतरायचं नाही."

ती उभी राहिली. सुरुवातीला तिचं वजन सारखं या पायावरून त्या पायावर जात होतं. धास्तावलेल्या माणसाचं असंच होतं. चेहरा लपवता येतो, तळवे लपवता येत नाहीत. स्क्रीनवर काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. पण मग ते हेलकावे कमी झाले, थांबले, आणि वजन दोन्ही पायांवर सारखं आलं. तिला सापडलं हे बबनरावांच्या आधी मला कळलं.

"मागच्या वर्षी शेजारची मशीन नवी आणलीत ना?" ती म्हणाली. "तिचं काम झालं की ती निरोप देते, पण इतका झटकन, की ही जुनी मान वळवेपर्यंत निरोप संपलेला असतो. मग ही बिचारी वाट बघत उभी."

"आमच्या हेड ऑफिसचं उलटं आहे," बबनराव म्हणाले. "निरोप संपतच नाही."

निरोप क्षणभर धरून ठेवायचा एवढीच दुरुस्ती होती; ती कुठे करायची हे कळणं, हे तिचं कसब. प्रेस खाली आला तेव्हा जमीन हादरली. उरल्यासुरल्या तळातूनही मला ते जाणवलं. बबनरावांनी तिथेच सांगून टाकलं, "मॅडम, आता इथल्या सगळ्या जुन्या मशिनी तुमच्या."

तिनं मॅटवरूनच फोन लावला. "पप्पा, जमलं. पण बूट गेला."

"गेला म्हणजे?"

"तळ गेला."

"नाक?"

"नाक शाबूत आहे."

"मग बूट कुठं गेला?"

हिंजवडीला तिनं त्याच दिवशी नकार कळवला. दापोडीत बूट दुरुस्त करणाऱ्या चिमाजींनी आम्हा दोघांना नवे रबरी तळ शिवून दिले. मैत्रीनं दरम्यान नवा जोड घेतला. आता पाच नंबर दुकानात समोरच्याच फळीवर मिळतो. तिथवर तो आपोआप आलेला नाही, एवढं नम्रपणे नमूद करतो.

राहता राहिलो मी. गणराजनं मला उलटसुलट करून पाहिलं. "तळ बदललेल्या बुटाबद्दल नियमात काहीच नाही, मॅडम. हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. परवानगीचा अर्ज करा." मैत्रीनं केला. गणराजनं शिफारस लिहून तो पुढे पाठवला.

सध्या माझा मुक्काम भिमाजींच्या केबिनमधल्या फळीवर आहे. मैत्री रोज समोरून आत जाते. कोणी नवखा मला उचलू लागला, तर भिमाजी म्हणतात, "ठिवा ते. मशिनीच्या डाक्टरीनबाईंचे हायेत."

अर्ज हेड ऑफिसकडे आहे. अद्याप उत्तर आलेलं नाही.