बाबांचा वाटा

डोर्ते माझी धाकटी बहीण. दिसायला, हसायला, जेवायला थेट बाबा. लहानपणी मी आरशासमोर उभी राहून त्यांचं हसू जमवून पाहायचे, पण ते काही जमलं नाही. हिला सगळं आयतं. आमच्याकडे नाताळच्या भाताच्या थंड खिरीत एकच अख्खा बदाम असतो. ज्याला सापडेल त्याने तो सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत गालात लपवायचा, मग दाखवायचा आणि बक्षीस घ्यायचं. दरवर्षी तो डोर्तेच्याच वाटीत निघायचा. बाबाच वाढायचे ना!

बाबा पन्नाशीच्या आत गेले, स्वेंबोर्गच्या गोदीत, छाती धरून. तेव्हापासून मी हृदय जपायला राय धान्याचा काळा पाव, हेरिंग मासा आणि सायकल यांवर जगतेय. डोर्ते मात्र भाजलेल्या डुकराचं कुरकुरीत कातडं माझ्याही ताटातलं उचलते.

यंदा डॉक्टरांनी आम्हा तिघींचं रक्त घेतलं. रक्तात एक प्रथिन असतं, म्हणाले, ते जास्त असलं की हृदयाला धोका. ते आईबापाकडूनच येतं, पथ्यपाण्याने हलत नाही. आईचं कमी निघालं. आमचे निकाल यायचे होते, पण डोर्तेचं जास्त असणार याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. बाबांचं सगळं तुझं ना, मग हेही घे.

नाताळच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. माझं धोक्याच्या रेषेच्या दुप्पट होतं.

दुसऱ्या दिवशी आईने खीर वाढली. तिसऱ्याच घासाला माझ्या दाताखाली बदाम आला. आयुष्यात पहिल्यांदा. मी तो गालात सरकवला.

"माझं अगदी कमी आलं बाई," डोर्ते म्हणाली. "तुझं काय गं, ताई?"

"दुप्पट."

तिचा चमचा थांबला. आता गळ्यात पडेल, रडेल, असं मला वाटलं. तिने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे बाबांचं रक्त तुझ्यात आलं," ती म्हणाली. "मला नुसतं त्यांचं नाक."

"अगं, आजार आहे तो. उद्या मी मेले तर?"

"माहितेय. तरी पण." तिचे डोळे भरले होते. "तुला बरं सगळं न मागता मिळतं."

मी घाबरले होते. रात्रभर छातीवर हात ठेवून पडले होते. तरीही ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

"विबेके, बदाम कुणाकडे आहे?" आईने मला विचारलं.

गुपचूप डोर्तेच्या वाटीत टाकता आला असता. पण मी तो काढून टेबलावर ठेवला, डोर्तेला नीट दिसेल असा.