सैतान कुठल्या भाषेत बोलला

युद्ध जनरलसाहेबांनी जिंकलं आणि तेर नदीकाठच्या त्या गिरणीगावात लोकांच्या स्वतःच्या कातालान भाषेत नाटक करायला बंदी आली. पण नाताळात मेंढपाळांचं नाटक झालं नाही तर येशू जन्माला तरी येईल का, अशी गावाची समजूत. मग लेखक फेलिउ गाल्सेरानने तोड काढली. त्याने अख्खं नाटक एस्पेरांतोत उतरवलं, कारण या जगभाषेवर बंदी घालायचं साहेबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. फेलिउची कातालान पुस्तकं आता कोणी छापत नव्हतं आणि एस्पेरांतोतली आधीही कोणी वाचत नव्हतं. ही भाषा फुकट शिकवतो म्हणून तो गावभर हिंडायचा, पण एक विद्यार्थी मिळेल तर शपथ.

नजर ठेवायला सार्जंट बाल्बुएना पहिल्याच रांगेत बसला. तो कालच दूरच्या बुर्गोसहून बदलून आला होता आणि कातालान त्याने कधी कानानेही ऐकली नव्हती.

"कातालानचा एक शब्द कानावर आला तर नाट्यगृहाला कुलूप आणि तुम्ही आत," त्याने दम भरला. "आणि ही एस्पेरांतो म्हणजे काय भानगड?"

"सगळ्या माणसांना कळेल अशी भाषा, साहेब," फेलिउ छाती फुगवून म्हणाला.

पडदा वर गेला. नटांनी पोपटपंची सुरू केली. प्रेक्षकांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मूळ नाटक तोंडपाठ असल्यामुळे हशा बरोबर जागच्या जागी पडत होता. मग सैतान झालेला खाटीक इझिद्रे मध्येच अडला. फेलिउ विंगेतून वाक्य सांगतोय आणि हा शेपटी हातात धरून ढिम्म उभा.

"अरे मुडद्या, शाप दे की त्या मेंढपाळाला!" वरच्या गॅलरीतून एक म्हातारी कातालानमध्ये कडाडली आणि शाप तिनेच सुरू केला. मग अख्खं थिएटर उठलं आणि सैतानाचं भाषण एका सुरात, शेवटपर्यंत म्हणून मोकळं झालं.

फेलिउला दरदरून घाम फुटला. सार्जंट स्टेजवर चढला.

"पकडलं! स्टेजवरचं बोलणं कोणालाच कळत नव्हतं. म्हणजे तीच तुमची चोरटी कातालान. आणि लोक बोलले ती एस्पेरांतो, म्हातारीलासुद्धा येणारी! मग नाटक तिच्यात करायला काय धाड भरलीय?"

"मास्तर, हो म्हणा. पाया पडतो, हो म्हणा," इझिद्रे कुजबुजला.

ज्या एस्पेरांतोसाठी जन्मभर घसा कोरडा केला, तिलाच आता फेलिउने ओळख दाखवायची नव्हती. त्याला रडू येत होतं.

"चुकलो साहेब. उद्यापासून एस्पेरांतोत करतो."

त्याचं हस्तलिखित सार्जंटने कातालान वाङ्मय म्हणून चौकात जाळलं. दुसऱ्या दिवशी नाटक राजरोस कातालानमध्ये झालं आणि लोक हमसून हमसून रडले. खेळ संपल्यावर सार्जंट टोपी काढून फेलिउपुढे उभा राहिला. त्याचेही डोळे सुजले होते.

"काय गोड भाषा आहे हो, मास्तर! मी इथे अगदी एकटा पडलोय. मला शिकवाल?"

जन्मात पहिल्यांदा फेलिउकडे कोणीतरी आपणहून शिकवणी मागत होतं.

"बसा," तो म्हणाला आणि कातालानचा पहिला शब्द दिला. "आईला म्हणायचं 'मारे'."

महिन्याभरात त्याच्या एस्पेरांतोच्या वर्गाला अख्खी चौकी येऊन बसायला लागली.