कोंडाजीचे बसलेले कान

साल एकोणीसशे सत्तावन्न. नवे पैसे चालू झाले, तेच. त्या वर्षी पुण्याच्या डॉक्टर यमुताई खांबेटे एस.टी.ने पौडला उतरल्या आणि बैलगाडीने माले गावात आल्या. मुलांचा मेंदू कसा वाढतो, बोली कशी येते आणि धाकाने त्यात काय बिघडतं, याचा त्या अभ्यास करत. पोरांची डोकी फितीने मोजत, म्हणून गावाला वाटलं सरकार टोप्या वाटणार. म्हातारेसुद्धा मोजून घ्यायला बसले. कोंडाजीचं डोकं सगळ्यांत मोठं भरलं, ते त्याने पुढे जन्मभर सांगितलं.

पण कोंडाजीचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्याची नात जया तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. शेजारची सगुणाबाई तिला तोंडावर मुकी म्हणायची, आणि ते म्हाताऱ्याला फार लागायचं.

यमुताई दिवसभर त्याच्या घरात बसल्या. पोरीला ऐकू छान येत होतं. पाणी हवं असलं की ती तांब्या वाजवी, भूक लागली की खाकरे. तिची आई रत्नाही तशीच. बांगड्या वाजवून कोंडाजीला जेवायला बोलावी. तिचा नवरा नथू पहाटेच रानात जायचा.

"बाबा, सूनबाई बोलत नाहीत?"

"माज्यासमोर? छ्या! आमच्या घराण्यात सासऱ्यापुढं सुनंचा आवाज निघत न्हाई."

"आणि तुम्ही घरी कधी नसता?"

"गुडघा गेल्यापास्नं उंबऱ्यातच असतोय की."

"मग पोरगी बोलणं शिकणार कुणाकडून?"

"माज्याकडनं!"

"तुम्ही काय बोलता तिच्याशी?"

कोंडाजीने पुष्कळ विचार केला. "गप म्हनतो."

यमुताईंनी फीत गुंडाळली. "बाबा, या वयात मेंदूत बोलण्याची पायवाट पडते. पाऊलच पडलं नाही, तर गवत माजतं. आणि धाकातलं मूल सारखं राखणीला बसल्यासारखं असतं, त्याचं शिकण्यात लक्ष कुठून असणार? दिवाळीनंतर येते मी."

सुनेला बोल म्हणावं, तर घराण्याची अब्रू जाते. न म्हणावं, तर नात जाते. कोंडाजी दोन दिवस तंबाखू मळत राहिला. तिसऱ्या दिवशी विहिरीवर अंघोळ करून आला आणि ओरडला, "कानात पानी गेलं! ठार भैरा झालो!"

सगुणाबाईने कानाशी टाळ्या वाजवल्या. म्हातारा हलला नाही. ती रत्नाला म्हणाली, "बोल बाई आता खुशाल. भैऱ्यापुढं कसली लाज?"

रत्ना पदराआडून हळूच म्हणाली, "आज कोंबडीचा रस्सा केलाय."

कोंडाजीची थाळी आपसूक पुढे सरकली. कुणी पाहिलं नाही, असं त्याला वाटलं.

मग रत्नाचं तोंड जे सुटलं! जात्यावर, चुलीपाशी, गोठ्यात ती जयाशी बोलायची आणि मधूनच सगुणाबाईशी. "म्हातारं लई खादाड. घोरतंय तर असं, म्हस दावं तोडंल!" कोंडाजी कानात कापूस घालून छपराकडे बघत बसे. मिशी तेवढी थरथरायची.

दिवाळीनंतर यमुताई आल्या. सगळं गाव अंगणात लोटलं. "बोल जया, बोल की गं!" जयाने ओठ घट्ट मिटले.

"सगळे मागे सरा बघू," यमुताई म्हणाल्या.

गर्दी हटली. जया आजोबाच्या मांडीवर चढली, त्याच्या कानातला कापूस उपसला आणि खणखणीत म्हणाली, "आजाला ऐकू येतंय. म्हातारं सोंग करतंय. आई म्हनली!"

"बोलली!" कोंडाजी गुडघा विसरून उठला. "ऐकलंसा का? माजी नात बोलली!"

सगळ्यांनी म्हाताऱ्याच्या कानांकडे पाहिलं. रत्नाने झटकन पदर ओढला. तिच्याकडे बघून जयाचेही ओठ मिटले.

कोंडाजीने दोघींकडे पाहिलं. मग खाली पडलेला कापूस उचलला, फुंकला आणि परत कानात घातला. "काय म्हनलीस पोरी? हितं काय ऐकू येत न्हाई बग."

"म्हातारं सोंग करतंय!" जया ओरडली, आणि पहिली हसली ती रत्ना.

यमुताईंचा निबंध पुढे परदेशात छापून आला. त्यात कापसाचा उल्लेख नव्हता. सगुणाबाईने जयाला पुन्हा मुकी म्हटलं नाही. पोर गप बसेल तर शपथ, असं मात्र म्हणायची. रत्नाचा नवरा नथू आधीच अबोल, त्याला आता बोलायला जागाच उरली नाही. जया जवळच्या चांदे गावच्या शाळेत मास्तरीण झाली. तिच्या वर्गाचा गलबला वेशीपर्यंत ऐकू यायचा, पण पोरांना गप म्हणायला तिची जीभ कधी वळली नाही. रत्ना सासऱ्याला शेवटपर्यंत सगळं तोंडावर ऐकवत राहिली, आणि कोंडाजी आणखी अकरा वर्षं बहिराच जगला. फक्त रस्सा केला, की थाळी पुढे सरकायची.