तीन दारांमधला बाक

आरोग्य केंद्राची वही, मार्चचा पहिला गुरुवार. देल्फिनो, इंजेक्शन. नाव तीनदा पुकारलं. गैरहजर.

काळा घेवडा रात्रभर भिजवला तरी आमच्या कुकरमध्ये चाळीस मिनिटं घेतो.

सरकारी फरशी पुसताना आधी कोपरे घ्यायचे. मध्ये माणसं बसली असतील तर पाय वर करायला सांगायचं.

समाजकल्याण कार्यालयाची फाइल, तोच गुरुवार. अर्जदार सहीसाठी आला नाही.

उशीच्या अभ्र्यात पावाचे सात तुकडे.

मानसिक आरोग्य केंद्र, तोच गुरुवार. गटात एक खुर्ची रिकामी.

हे सगळं बराच काळ माझ्याजवळही असंच सुटंसुटं पडलं होतं. आता जोडून सांगते.

माझं नाव इव्होनेची. ब्राझीलच्या मिनास राज्यातल्या आमच्या गावात नगरपालिकेने एक घर भाड्याने घेतलंय. जुन्या मनोरुग्णालयातून बाहेर आलेली सहा माणसं तिथे राहतात, आणि दिवसभर मी त्यांच्याबरोबर असते. स्वयंपाक, गोळ्या, टीव्हीवरून भांडणं. देल्फिनो त्यांच्यातला सगळ्यात शांत. सत्तावीस वर्षं आत काढलेला माणूस. आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्याची तीन कामं असायची. एका दारात इंजेक्शन, दुसऱ्या दारात भत्त्याच्या कागदावर सही, तिसऱ्या दारात डॉक्टर लिव्हियांचा गप्पांचा गट. तिन्ही दारं एकाच चौकात. मध्ये आंबा, आंब्याखाली बाक. फेब्रुवारीपर्यंत मी त्याला धरून तिन्ही दारांत न्यायचे, पण मार्चपासून घरात कामाला मी एकटीच उरले. मग बसने त्याला तिथे आणायचे, बाकावर बसवायचे, ‘इथे बस, बोलावतील’ म्हणायचे आणि घरी धावायचे, कारण घरी पाच जण आणि कुकर. बाराला परत न्यायला यायचे. झालं का विचारायचे. तो म्हणायचा, झालं.

उशीतला पाव मला एप्रिलमध्ये सापडला. मग त्याची झोप गेली. मे महिन्यात तो न्हाणीघरातल्या नळाशी बोलायला लागला, आणि नळाचं उत्तर आवडलं नाही तर जेवायचा नाही. मी म्हटलं, औषध बदलायला हवं बहुतेक.

जूनमध्ये नगरपालिकेच्या समितीचं पत्र आलं. चार महिने इंजेक्शन नाही. चार महिने सही नाही. चार महिने गटात नाही. तिन्ही कार्यालयांनी वेगवेगळं लिहिलेलं, पण शेवटचं वाक्य सारखंच: सहकार्य करत नाही. म्हणून घरातली त्याची जागा काढून त्याला पुन्हा रुग्णालयात कायमचा पलंग द्यावा, असा प्रस्ताव होता. पुढच्या महिन्यात, पहिल्या गुरुवारनंतरच्या मंगळवारी निर्णय.

मी त्याच्यावर चिडले. हे लिहायला नको वाटतं, पण चिडले. दर गुरुवारी जातोस तरी कुठे, असं भांडी आपटत विचारलं.

तो म्हणाला, “बाकावर.”

मला ते खोटं वाटलं.

जुलैच्या गुरुवारी त्याला बाकावर बसवलं आणि घरी न जाता सरळ समाजकल्याणच्या ओतासिलियोकडे भांडायला गेले. ओतासिलियोने फाइल माझ्याकडे फिरवली. म्हणाला, मी स्वतः दारात उभा राहून नाव पुकारतो, माझा आवाज अख्ख्या चौकात जातो, घरी बायकोची तक्रारच ती आहे. आला असता तर ऐकलं नसतं का?

जांदिरा तिथेच कोपरा पुसत होती. तिन्ही कार्यालयांत साफसफाईला नगरपालिकेने ती एकटीच ठेवलेली. तेव्हा तिन्ही दारांतून आत जाणारी एकच गोष्ट होती, तिची बादली.

“येतो की,” ती मान वर न करता म्हणाली. “दर गुरुवारी येतो. बाकाखालचं झाडते तेव्हा मीच त्याला पाय वर करायला सांगते. तुम्ही ओरडता, तो तुमच्याकडे बघतो. नर्स ओरडते, तिच्याकडे बघतो. मला वाटलं, साहेब, तुम्ही लोकांनी ठरवून बसवलाय त्याला.”

ओतासिलियो खिडकीशी गेला. पाहिलं होतं त्याने, दर वेळी. हा नर्ससाठी थांबलाय असं तो धरून चालला होता. नर्स धरून चालली होती की डॉक्टरांसाठी. डॉक्टर लिव्हियांच्या खिडकीतून तर त्याची फक्त टोपी दिसायची.

आणि मी? मला तर सगळं ठाऊकच होतं. रुग्णालयात नाव ऐकून कुणी उठत नसे. अटेंडंट यायचा, खांद्यावर हात ठेवायचा, मग उठायचं. त्याआधी उठलं तर थंड पाण्याचा पाइप. दोन वर्षं मी ताट वाढून त्याच्या खांद्याला हात लावत होते, तेव्हा तो जेवायला उठत होता. हात इतका सवयीचा झाला होता की ते कुणाला सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कुणी विचारलंही नाही. बसून राहिला, म्हणजे त्याच्या हिशेबी काम झालं. खोटं तो कधीच बोलला नव्हता.

मी हे ओतासिलियोला सांगत होते तोवर जांदिरा बादली ठेवून बाहेर गेली होती. ओला हात तिने झग्याला पुसला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. देल्फिनो उठला. तिच्याबरोबर चालत आरोग्य केंद्राच्या दारात शिरला. पाच महिन्यांनी इंजेक्शन झालं.

ओतासिलियो फाइल घेऊन तिथेच आला. डॉक्टर लिव्हिया गट सोडून आल्या. कॉफीच्या टपरीवर रोज भेटणारी ही माणसं, फुटबॉलवर वर्षभर बोलायची. देल्फिनोबद्दल पहिल्यांदा बोलली, तीही पॅसेजमध्ये उभ्याने. नर्सने एक कोरा कागद घेतला आणि तिघांनी त्या एकाच कागदावर लिहिलं. पहिली ओळ मी सांगितली: नाव पुकारू नये, जवळ जावं.

ओतासिलियो म्हणाला, “मंगळवारी मी येतो. समितीला ते मीच लिहून दिलंय, मीच मागे घेईन.”

डॉक्टरही आल्या. समितीला अर्धा तास पुरला. घरातली जागा राहिली.

आता पहिल्या गुरुवारी आठ वाजता तिन्ही कार्यालयं तासभर एकत्र बसतात, एकेका माणसाचा विषय घेऊन. जांदिराला बोलावलं तेव्हा तिने दोन अटी घातल्या: बसायला खुर्ची, आणि कॉफी दुसऱ्या कुणीतरी करायची. कॉफी ओतासिलियो करतो. पातळ होते, पण ती संपवते.

मी तिला चीज आणि पेरूची वडी नेऊन दिली. किती वेळा आभार मानले याची गणती नाही. ती म्हणाली, “अगं, मी नुसतं पाय वर कर म्हणत होते.” मग वडीचा तुकडा मोडून तिने आधी देल्फिनोला दिला. त्याने तो तिथेच खाल्ला, उशीसाठी ठेवला नाही.

मी अजूनही देवाआधी तिचं नाव घेते. पाद्रींना हे सांगितलं, तर ते म्हणाले, चालेल.

आमच्या घरी आल्यावर पहिले तीन महिने देल्फिनो रुग्णालयातल्यासारखाच पलंगाच्या एका कडेला झोपायचा, दुसऱ्या माणसाची जागा मोकळी ठेवून.