भामाचा रुसवा

भामाने काशीरामपुढे ताट असं आदळलं, की कालवण भाकरीवर सांडलं. मग मिठाची बरणी लेकीच्या ताटाजवळ सरकवून ती पाठ फिरवून ओट्याशी उभी राहिली.

मनिषाने पहिला घास घेतला. मांदेलीच्या कालवणात मिठाचा कण नव्हता. उभी हयात मिठागरात घालवलेला तिचा बाप मात्र मुकाट्याने भाकरी मोडत होता.

“आज काय केलंत बाबा?”

“वला टावेल पलंगावर टाकला.” काशीराम खाली मान घालून म्हणाला. अपराध्याचा चेहरा त्याला फार छान जमायचा.

मनिषा माहेरी आली होती ती डोकं शांत ठेवून लिहायला. इतकी वर्षं मालिकांचे संवाद लिहिल्यावर पहिल्यांदाच सिनेमाची संधी दारात आली होती. निर्माता सत्यजीत दुसऱ्या दिवशी गोव्याला निघणार होता. पळस्पे फाट्यावर चहाला थांबेन, तेवढ्यात प्रेमकथेचं बीज सांग, म्हणाला होता. आधी तिने सांगितलेल्या गोष्टींत श्रीमंत बाप होता, अपघात होता, स्मृतिभ्रंशसुद्धा होता. सत्यजीत हसला होता. “सगळं बाहेरून आणून ओततेयस. त्या दोघांचं स्वतःचं असं काय आहे?” त्या प्रश्नाने तिची झोप उडवली होती.

हात धुऊन काशीराम ओटीवर जाऊन बसला, तशी मनिषा आईजवळ आली.

“एका टॉवेलपायी अळणी जेवायला घालतेस? किती छळशील त्यांना?”

भामाने आधी दार लोटून घेतलं.

“डाक्टरनी मीठ बंद सांगलंय. पिरेशर लय वाढलंय. पन ऐकतील तर ना! ताट सरकवून मोकले. म्हनं, मिठागरात जल्म काढला नि आता अळनी खाऊन मरू काय? मंग एकदा मी खरीच रागावले नि रागात मीठ घालायची इसरले. तर गुपचूप खाल्लं गो सगलं! मी रुसले का हे काय पन खातात.”

“म्हणून तू रोज रुसतेस?”

“रुसायला कारन नको? माजं नशीब चांगलं, रोज कायतरी चुकतातच.”

मनिषाच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. नवऱ्याला जगवायला रोज भांडणारी बायको! इतके दिवस ती जे शोधत होती, ते तिच्यासमोर पदराला हात पुसत उभं होतं. लेकीचा चेहरा भामाने अचूक वाचला.

“तुज्या पिच्चरमदी घालू नको हां. त्यांना कललं तर उद्या परत ताट सरकवतील.”

झालं! गोष्ट सापडली आणि हातची गेलीसुद्धा. बापाच्या जिवापुढे सिनेमा कसला? सकाळी निघताना मनिषाच्या पिशवीत तीच जुनी अपघाताची गोष्ट होती. स्कूटरवरून तिला फाट्यावर सोडायला काशीराम तयार होता.

ती चपला घालायला वाकली आणि तशीच थांबली. अंगणातल्या नळाजवळच्या चिखलात काशीरामने पाय घातला. खिडकीतून आत डोकावून भामाची पाठ असल्याची खात्री केली. मग नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून, बरोबर मधोमध, माठापर्यंत गेला आणि पाणी न पिताच परत आला.

“जल्लं मेलं लक्षान! आताच पुसलंय ना!” आतून आवाज आला.

काशीरामचा चेहरा लगेच अपराध्याचा झाला. वळला तर समोर लेक.

पळस्पे फाट्यावर स्कूटर बाजूला लावल्यावर तो हँडल धरूनच म्हणाला,

“मला कवाचंच ठाव हाय. डाक्टरचं कोन ऐकतो? पन ती माज्यासाठी एवरी खपते, मंग मी अळनी खायाला नको? तिच्यामुलंच हाय मी अजून. तिला वाटतं मला ठाव नाय. तसंच वाटू दे. तू पिच्चर कर, काय पन कर. पन तुजा पिच्चर ती पयल्या दिशी बघनार, येवरं ध्यानात ठेव.”

अशा घरात आपण जन्मलो, या विचाराने मनिषाला भरून आलं. तिने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सत्यजीत थांबला होता त्या हॉटेलकडे वळली.

अपघाताची गोष्ट पिशवीतून बाहेर आलीच नाही. ती अळणी कालवणाबद्दल बोलत राहिली आणि सत्यजीतचा चहा निवून गेला.

“हीच करायची,” तो शेवटी म्हणाला. “फक्त एक सांग. नवऱ्याला कळतं का, ती मुद्दाम रुसते ते?”

मनिषाने काचेतून बाहेर पाहिलं. काशीराम स्कूटरला टेकून काडीने टाचेचा वाळलेला चिखल काढत होता.

“नाही,” ती म्हणाली. “त्याला शेवटपर्यंत कळत नाही.”