पलीकडे गेलेली जलपर्णी

होमा बेच्या आमच्या सरोवराच्या किनाऱ्यावर जलपर्णी इतकी माजली होती, की होडी पाण्यात ढकलण्यातच अर्धी सकाळ जायची. तिला शिव्या घालता घालता माझे केस पिकले. अशात नैरोबीहून वेकेसा नावाचा तरुण इंजिनियर आला आणि म्हणाला, हिच्यापासून गॅस करू.

शाळेमागे टाकी बसली. जलपर्णी कुजवून निघालेला गॅस नळीने स्वयंपाकघरात आला. मुलांसाठी रांधणाऱ्या आवुओर मावशींनी शेगडी पेटवली आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली शिजवली. त्या दिवशी धूर नसतानाही मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग वारा फिरला. एका सकाळी पाहतो तर पाणी लख्ख. सगळी जलपर्णी पलीकडच्या गावाला जाऊन लागलेली. एरवी आम्ही नाचलो असतो. आता सुतक असल्यासारखे बसलो.

"टाकीत काय घालू, माझं डोकं?" मावशींनी विचारलं.

"ते कुजायला फार वेळ लागेल, मावशी," वेकेसा म्हणाला. बिचारा खरंच विचार करून बोलला होता.

आम्ही तिघं माझ्या होडीतून पलीकडे गेलो. तिथले म्हातारे ओगुतू बाबा किनाऱ्यावरच भेटले. जलपर्णी न्यायची म्हटल्यावर त्यांनी घरातून खुर्ची मागवली आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"मुलगी मागायला आलात, तेही हात हलवत?"

"बाबा, गवत आहे ते," मी म्हणालो.

"तुमच्या दारात होती तोवर गवत. इतकी गुणाची आहे हे तुम्हीच सांगताय. मग मुलीच्या बापाला द्यायच्या गाई कुठायत?"

दुपार टळेपर्यंत बोलणी चालली. शेवटी एका बोकडावर मिटलं. मी तो आणून दिला, गावातल्या होड्या जमवल्या आणि जलपर्णीचं एक अख्खं बेट दोरांनी बांधून आम्ही ओढायला लागलो.

मधोमध पोचल्यावर वारा वाढला. वल्ही पुढे मारतोय आणि होड्या मागे जातायत. बेटानं आम्हालाच फरफटत ओगुतू बाबांच्या पायाशी आणून टाकलं. ते अजून खुर्चीतच होते.

"माहेर सुटत नाहीये पोरीला," ते म्हणाले. "बोकड मात्र परत मिळायचा नाही."

वेकेसा ओल्या वाळूवर बसून राहिला. टाकी इकडे आणावी, तर वारा उद्या पुन्हा फिरणार. बऱ्याच वेळानं तो उठला.

"टाकीला खाली रिकामी पिंपं बांधून तराफा करू. जलपर्णी जाईल तिकडे टाकी जाईल."

"आणि मी?" मावशींनी विचारलं.

"तुम्हीपण."

मावशींनी त्याला मनसोक्त झापलं, आणि आठवडाभरानं कंबर कसून तराफ्यावर चढल्या. तेव्हापासून आमचं स्वयंपाकघर पाण्यावर फिरतं. मुलं आधी वारा बघतात, मग जेवायला कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते ठरवतात. दोन्ही गावांच्या शाळा एका पातेल्यात जेवतात, आणि ओगुतू बाबा सासरा म्हणून पहिलं ताट घेतात.

मध्यंतरी राजधानीतून साहेब लोक पाहणीला आले. प्रकल्प जागेवर नव्हता. सकाळभर मी त्यांना होडीतून हिंडवलं, शेवटी घेवड्याच्या वासावर तराफा सापडला. पोटभर जेवल्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, "आता आम्हाला आमच्या गाडीपाशी कधी सोडाल?"

"घाई कसली?" मावशी पातेलं घासत म्हणाल्या. "तराफा लागेल तिथं उतरा."