सान्वीचे उपवास

“टीचर म्हणतात, हिला कसलाच आजार नाही. मग पोटावर या सुयांच्या खुणा कसल्या?”

डॉक्टरांनी विचारलं आणि विनिताने आधी दार लोटलंय का ते पाहिलं. लेक सलाइन लावून पडलेली, आणि आईला काळजी कशाची, तर बाहेर बाकावर बसलेल्या टीचरना ऐकू जाईल याची!

“इन्शुलिनच्या,” ती पुटपुटली. “दोन वर्षं झाली.”

“आणि शाळेत सांगितलं नाहीत?”

ठाण्याच्या सरकारी कचेरीत विनिता दाखल्यांच्या खिडकीवर बसायची. अर्जात एक रकाना कोरा दिसला, तर जवळच्या खोपटहून आलेला असो की लांबच्या शहापूरहून, माणसाला परत पाठवायची. “खरी माहिती भरा हो, आमचा वेळ घालवू नका.” आणि लेकीच्या आरोग्यपत्रकात ‘काही आजार?’ यापुढे तिनेच ठसठशीत ‘नाही’ लिहून खाली सही ठोकली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

वर्गात कुणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट आलं, तर काय सांगायचं हेही तिनेच पढवलं होतं. “उपवास आहे म्हण. पुढे कोण विचारत नाही.” आणि खरंच कुणी विचारलं नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, वारांना काय तोटा? त्या दिवशी सान्वी डबा जिन्याखाली बसून गुपचूप खायची. उलट पालकसभेत नीला टीचर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “चौथीतली पोर, पण काय श्रद्धा आहे हो!” तेव्हा विनिता चक्क लाजून हसली होती. ते हसू आठवलं आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दार ढकलून नीला टीचर आत आल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते.

“सान्वीच्या आई, माझंच चुकलं. सकाळी तिने उपवास सांगितलेला. सुट्टीत बघते तर जिन्याखाली पोळीभाजी खायला बसलेली. म्हटलं, विसरली असेल बिचारी. मीच डबा बंद केला. म्हटलं, आता तासाभराने घरी जाऊन फराळ कर हं. काही बोलली नाही हो ती. आणि शेवटच्या तासाला बाकावरनं खालीच पडली.”

“असू दे, टीचर. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत,” विनिता म्हणाली.

म्हणून गेली आणि तिचीच तिला शिसारी आली. स्वतः खड्डा खणायचा आणि त्यात पडलेल्याला वर मोठ्या मनाने माफ करायचं! डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघत होते.

“उपवास नव्हता, टीचर,” ती खाली बघत म्हणाली. “कधीच नव्हता. तिला डायबिटीस आहे. सकाळी इंजेक्शन घेऊन येते, त्यावर वेळेत खावंच लागतं. मीच तिला खोटं बोलायला लावलं.”

नीला टीचर पलंगाच्या कडेला टेकल्या. त्या ओरडल्या असत्या तर विनिताला सोसलं असतं.

“मला एकटीला सांगायचंत,” त्या म्हणाल्या. “मी समोर बसून खाऊ घातलं असतं तिला.” मग त्यांनी सान्वीच्या दप्तरातून शाळेची डायरी काढली आणि पालकांसाठीचं पान उघडून पुढे धरलं. “काय द्यायचं, कधी द्यायचं, सगळं लिहून द्या.”

विनिताने पेन घेतलं. तेवढ्यात पलंगावरून बारीक आवाज आला.

“आई, नको ना लिहू.”

“का गं, बाळा?”

“तूच म्हणालेलीस ना, लोकांना कळलं तर मोठेपणी मला कोणी सून करून घेणार नाही.”

नीला टीचरांनी मान खिडकीकडे वळवली. विनिताच्या डोळ्यांसमोरचं पान धूसर झालं, तरी तिने लिहिलं, सगळं लिहिलं, आणि खाली सही केली. सलाइनचा हात पांघरुणाखाली लपवून सान्वी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.